जावईबापूंचं चढाचं यंत्र

मडकं घ्यायला गेलेला माणूस एक टिचकी मारतो, फार तर दुसरी मारतो, आणि मडकं घेऊन घरी येतो. आमचे जावई टिचक्याच मारत बसतात. मे महिन्यात त्यांनी सायकलच्या हँडलला लावायचं एक यंत्र घ्यायचं ठरवलं. सायकलचा कॉम्प्युटर म्हणतात त्याला, दिसायला मोबाइलच्या पिल्लासारखा. ऑगस्ट सरला, घरामागच्या डेकवरची टोमॅटोची रोपं पिवळी पडून वाळली, तरी यांची खरेदी आपली चालूच. सकाळी चहाबरोबर यंत्र, रात्री जेवताना यंत्र. पोळी पानात गार होते आणि हे फोनवर कुणा गोऱ्याचा व्हिडिओ बघत बसतात. तो गोरा दोन हातांत दोन यंत्रं धरून अर्धा तास बोलतो आणि शेवटी सांगतो की दोन्ही चांगली आहेत. मग हे दुसरा गोरा लावतात.

जाई, म्हणजे माझी लेक, म्हणते, आई, तू लक्षच देऊ नकोस. लक्ष कसं नको देऊ? मीही त्याच टेबलावर जेवते.

परीक्षित नाव त्यांचं, आणि परीक्षा काही संपत नाही. पुण्याचे आहेत. सरेहून रोज स्कायट्रेनने व्हँकुव्हरला ऑफिसात जातात आणि तिथेही दिवसभर कॉम्प्युटरच बघतात. माणूस वाईट नाही. माझ्या लेकीपुढे कधी आवाज चढवला नाही, डिशवॉशर स्वतः लावतात. फक्त तो लावताना प्रत्येक ताट तीन जागी ठेवून बघतात, म्हणून मी तेवढा वेळ बेसमेंटमध्ये माझ्या खोलीत जाऊन बसते.

आता हे यंत्र कशाला हवं, ते सांगायला मला मागच्या वर्षाचा विषय काढावा लागतो, आणि तो काढला की माझं डोकं फिरतं. तरी सांगते.

आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळात चार-पाच सायकलवाले आहेत. मागच्या वर्षी त्यांनी ठरवलं की एका दिवसात कळसूबाईएवढा चढ चढायचा. इथलीच कुठली तरी टेकडी धरायची, वर जायचं, खाली यायचं, पुन्हा वर जायचं, आणि वर गेलेले मीटर तेवढे मोजायचे. सोळाशे शेचाळीस भरले की कळसूबाई झाली. आता महाराष्ट्रातला हा सगळ्यांत उंच डोंगर माझ्या माहेरचा. पायथ्याला बारी गाव, त्याच्या पलीकडे आमची वाडी. आम्हा पोरींना चौथीनंतर शाळा नव्हती, पण नवरात्रात देवीला वर जायचं कधी चुकलं नाही. म्हणून जावयाने कळसूबाईचं नाव घेतलं तेव्हा मला बरं वाटलं. संध्याकाळी त्यांच्या तेव्हाच्या यंत्राने सोळाशे बावन्न दाखवले. मी दोन दिवस दूध आटवलं, पेढे केले, आणि मंडळातल्या छायाच्या घरी भोंडला होता तिथे खिरापत म्हणून नेले. भोंडल्यात खिरापत ओळखायची असते. माझी कुणी ओळखायच्या आतच मी सांगून टाकलं की हे माझा जावई कळसूबाई चढला त्याचे पेढे आहेत.

त्यानंतर आठवड्याने विलासने यंत्रातली नोंद बघितली. विलास म्हणजे जावयांचा सायकलमित्र, घरांच्या भिंती उभारायचं ड्रायवॉलचं काम करतो, त्यामुळे कुठलीही गोष्ट सरळ आहे की नाही ते त्याला लांबून दिसतं. त्याने नोंदीवर बोट ठेवलं. दुपारी आमचे जावई टेकडीखालच्या एका कॉफीच्या दुकानात तासभर बसले होते. बाहेर वादळ येत होतं. आणि तेवढ्या वेळात यंत्राने लिहिलं होतं की हा माणूस साठ मीटर वर चढला.

म्हणजे हातात कॉफी, समोर केक, आणि हे डोंगर चढतायत.

मंडळात त्यांचं नाव पडलं, बसल्या जागी कळसूबाई. त्यांना कुणी काही म्हटलं तर ते हसून सोडून देतात, पण मला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला छायाने विचारलं, मावशी, ते पेढे आता परत करायचे का हो? सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन मी जावयांशी दोन दिवस फक्त भाजीपुरतं बोलले.

म्हणून यंदा त्यांनी पुन्हा बोलून दाखवलं की नवरात्रातल्या रविवारी चढणार, खरा चढणार, आणि यंत्र असं घेणार की विलासला बोट ठेवायला जागा मिळू नये. आणि मी गणपतीच्या आरतीला सगळ्या बायांसमोर सांगितलं की यंदा भोंडल्याला माझी खिरापत पेढेच, पण चढ खरा झाला तर. नाही झाला, तर ही हौसामावशी भोंडल्याला येणार नाही. बोलून बसले. जावई सायकलवर चढणार होते, पण त्यांच्या पाठीमागे माझं नाक बसलेलं होतं.

एवढं सगळं असताना हा माणूस यंत्र घेईना.

सप्टेंबर लागल्यावर त्यांनी तीन यंत्रं घरी आणली. एक विलासचं जुनं, एक शेजारच्या लँगली गावातल्या कुणाकडून वापरलेलं, आणि एक दुकानातलं नवं, तेही पसंत नाही पडलं तर रिटर्न करायच्या बोलीवर. तिन्ही किचनच्या खिडकीत ओळीने मांडली, जशी मी लोणच्याच्या बरण्या मांडते. मी विचारलं, ही इथे काय करणार, खिडकीत चढ आहे का? तर म्हणाले, आई, चढ नाही म्हणूनच ठेवली. जागच्या जागी असताना जे यंत्र गप्प बसेल ते खरं.

मग त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. समजावताना ते फार गोड बोलतात, हे मान्य करायला हवं. विलासच्या यंत्राच्या पाठीला एक बारीक भोक आहे, सुईच्या नेढ्याएवढं. ते त्याचं नाक. त्यातून ते हवेचा दाब हुंगतं. माणूस जसजसा वर जातो तसतशी हवा हलकी होते, त्यावरून त्याला उंची कळते. पण पाऊस यायच्या आधीही हवा हलकी होते. तेव्हा ते बिचारं जागेवर असून समजतं की आपण वर चाललो. लँगलीचं यंत्र नाकाने हुंगत नाही, आकाशातल्या उपग्रहांना विचारतं, पण उपग्रहांना उंचीचं नीट कळत नाही, म्हणून ते उड्या मारत राहतं. आणि दुकानातलं दोन्ही करतं. चढताना नाकाचंच ऐकतं, आणि जागेवर थांबलं की आकाशाला विचारून घेतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विलासच्या यंत्रात आमचं घर नव्वद मीटरवर होतं. संध्याकाळी ते एकशे बारावर गेलं. मी जाईला म्हटलं, उद्या ऑफिसातून येताना शिडी घेऊन ये, घर वर गेलंय, हाताला लागणार नाही. लँगलीचं यंत्र तर करडासारखं, खिडकीत बसल्या बसल्या दहा मीटर इकडे, दहा मीटर तिकडे. दुकानातलं तेवढं गंभीर. तीन-चार मीटर हललं असेल नसेल.

माझ्या मात्र वेगळंच लक्षात आलं. विलासच्या यंत्रात घर वर गेलं की दुपारनंतर पाऊस, आणि घर खाली आलं की ऊन. इथलं आभाळ म्हणजे बिनभरवशाचं कूळ. मी कुरडया डेकवर घालायच्या आणि याने तासाभरात भिजवायच्या, असं दोन वर्षं चाललंय. आता मी उठले की आधी खिडकीत बघायची. घर खाली आलं असेल तर गव्हाचा चीक शिजवायला घ्यायची. एकदा जावयांनी मला वाकून बघताना पकडलं. म्हणाले, आई, आता तुम्हीच गिऱ्हाईक, तुम्हीच सांगा कुठलं घेऊ. मी विलासच्या यंत्रावर बोट ठेवलं. ते इतके हसले की चहा सांडला. म्हणे, जे यंत्र पाऊस नेमका सांगतं तेच चढ खोटा सांगतं, आई. तुम्हाला हवं तेच मला नको.

मी म्हटलं, मग भांडण कुठे आहे? ते माझं, उरलेल्यातलं तुमचं, उद्या जा आणि घेऊन या. पण नाही. उरलेल्यातलं त्यांना आणखी एकदा तपासायचं होतं.

म्हणून एका शनिवारी आम्ही सगळे व्हाइट रॉकच्या समुद्रावर गेलो. कारण समुद्र म्हणजे शून्य, तिथे कुठल्याही यंत्राला खोटं बोलता येत नाही. ओहोटी होती. जावई पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, तिन्ही यंत्रं हातात धरून पाण्याच्या कडेला उभे राहिले. लोक कुत्री फिरवत होते, ते थांबून बघायला लागले. आमची नात गुंजन चार हात लांब जाऊन उभी राहिली आणि ‘आय डोन्ट नो देम’ म्हणाली. विलासच्या यंत्राने उणे अकरा दाखवले. म्हणजे आम्ही समुद्राच्या तळाशी आइस्क्रीम खात होतो. लँगलीच्या यंत्राने चौदा सांगितले. दुकानातलं म्हणालं दोन. आम्ही वर गावात जाऊन मासा-बटाटा खाल्ला आणि परत खाली आलो, तरी ते दोनच म्हणालं.

मी म्हटलं, झालं ना आता? त्यांनी मान हलवली, पण माणूस विजयाने फुगला की त्याला काहीतरी जास्तीचं बोलायची खाज सुटते. पाण्यात उभे राहूनच म्हणाले, आई, कळसूबाई सोळाशे शेचाळीस आहे ती इथून, समुद्रापासून. तुमचं बारी गाव मुळातच आठशेच्या आसपास. म्हणजे तुम्ही दरवर्षी चढायचात तो डोंगर निम्माच.

जाई आइस्क्रीम चाटायची थांबली. तिला तिची आई ठाऊक आहे.

“निम्मा असेल,” मी म्हटलं, “पण माझ्या डोक्यावर नैवेद्याची पाटी होती आणि हातात कड्याला ठोकलेला साखळदंड. तुमच्या डोक्यावर काय, तर हेल्मेट.”

ते हसले आणि मला हात देऊन वाळूतून वर नेलं. पण ते निम्मं माझ्या घशात अडकलं ते अडकलंच. साठ वर्षं मी कळसूबाई चढले म्हणून सांगत आले, आणि या माणसाने आइस्क्रीम खाता खाता माझा अर्धा डोंगर काढून घेतला.

तरी यंत्र लगेच आलं नाही. दुकानातलं पसंत पडलं, पण ते पांढरं घ्यायचं की काळं, यावर आणखी एक आठवडा गेला. पांढरं मळतं, काळं उन्हात तापतं. मी सांगितलं की नवरात्रात काळी वस्तू घरात घेत नाहीत. असं कुठल्या पोथीत आहे ते मला माहीत नाही, पण माझ्या तोंडात होतं. पांढरं आलं.

तो रविवार उजाडला तेव्हा आभाळ भरलेलं होतं. मी घटापुढे दिवा लावून बसले होते. जावई सायकलचे घट्ट कपडे घालून दारात आले. हे कपडे घातले की ते कोवळ्या पडवळासारखे दिसतात, पण देवापुढे मी काही बोलत नाही. त्यांच्या हातात ते पांढरं यंत्र होतं.

म्हणाले, याला कुंकू लावता का?

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हा माणूस नव्या गाडीला मी बांधलेलं लिंबू-मिरची दुसऱ्या दिवशी काढून सॅलडमध्ये घालतो. विंटर टायर बसवल्यावर मी त्यांना हळद लावली, तर हा म्हणतो, आई, बर्फ घसरेल. आणि आज तोच यंत्र घेऊन घटापुढे उभा. भ्यालेला दिसत होता. मी काही टोचून बोलले नाही, एवढं माझं पुण्य.

आमच्याकडे कुठल्याही यंत्राला कुंकू लावायचं तर आधी तेलाचं बोट लावतात, मग त्यावर कुंकू, म्हणजे ते हादऱ्याने झडत नाही. मी बोट तेलात बुडवलं आणि विचारलं, याचं कपाळ कुठलं? काचेवर लावावं तर त्यांना डाग पडायची भीती, बाजूला लावावं तर बटणं. शेवटी त्यांनीच यंत्र पालथं केलं आणि म्हणाले, पाठीवर लावा. पाठीला नाक होतं. नाकाच्या वर कपाळ, एवढं मला कळतं. मी नाकाच्या वर ठसठशीत मोठा टिळा लावला. दोघांनी नमस्कार केला. दोघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

बर्नबी माउंटनवर वर एक बाग आहे, कोरीव लाकडी खांब उभे आहेत, खाली खाडी दिसते. जाई आणि मी गाडी घेऊन वर जाऊन बसलो. माझ्याकडे थर्मास, छत्री आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. जावयांचा हिशोब असा की खालून वर आलं की एक खेप, आणि अशा सात खेपा झाल्या की कळसूबाई भरून थोडी उरते. दर खेपेला मी एक लाडू देणार.

पहिल्या खेपेला ते हसत आले. दुसऱ्या खेपेला लाडू खाताना सुद्धा यंत्राकडे बघत होते, जसं लेकरू पहिल्यांदा शाळेत गेल्यावर बाप घड्याळाकडे बघतो. तिसऱ्या खेपेला पाऊस सुरू झाला. बारीक, चिवट, इथला पाऊस. चौथ्या खेपेला ते वर आले ते सायकलवरून उतरलेच नाहीत. एक पाय टेकवून यंत्राकडे बघत उभे राहिले. लाडू पुढे केला तरी हात पुढे येईना.

यंत्र आठशेच्या आत थांबलं होतं. पाऊस सुरू झाल्यापासून त्याच्या मते हा माणूस एक मीटरही वर चढला नव्हता.

त्यांनी ते काढून पालथं केलं. तेल, कुंकू आणि पावसाचं पाणी यांचा लाल ओघळ माझ्या टिळ्यावरून खाली येऊन बरोबर त्या भोकात गेला होता. भोक बंद. हवा आत नाही, बाहेर नाही. ते बिचारं आत पाऊस सुरू झाला त्या वेळची हवा कोंडून बसलं होतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाडीकडे बघितलं. लावा म्हणणारे ते, लावणारी मी, आणि पालथं करणारे परत तेच. वाटणी केली तर माझ्या वाट्याला तिसरा हिस्सा येतो.

त्यांनी फुंकून बघितलं, रुमालाने टिपलं, हलवून बघितलं. मी पदराची पिन काढून पुढे केली तर असे मागे सरले की जशी मी माझ्या नातीवर सुरी उगारली. पिन घातली तर आतला पडदा फाटतो म्हणे. एवढ्यात विलासही आला. काम संपवून साक्षीदार म्हणून मुद्दाम आला होता, कपड्यांवर पांढरी धूळ तशीच. त्याने लाल झालेलं यंत्र बघितलं, सगळी कथा ऐकली आणि इतका हसला की कोरीव खांबाला टेकला. मग डोळे पुसून म्हणाला, अरे, काळजी कशाला, रस्त्याची नोंद तर चालू आहे ना? घरी जाऊन नकाशावरून उंची दुरुस्त करता येते, एक बटण दाबायचं. चार झाल्यात. भिजलायस. उरलेल्या पुढच्या रविवारी कर, मोडल्या यंत्राचा काय भरवसा.

जाई म्हणाली, हो, चला घरी, ताप येईल.

मी मनात दिवस मोजले. पुढच्या रविवारी नवरात्र संपलेलं असणार आणि भोंडला तर उद्याच होता. पण पडवळ ओलंचिंब झालेलं, ओठ निळे पडलेले, आणि माझ्या पेढ्यांसाठी परक्याच्या पोराला न्यूमोनिया व्हावा एवढी मी कडू नाही. थांबा म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

त्यांनी यंत्र परत हँडलला अडकवलं.

“विलास, मागच्या वर्षी माझ्याकडे आकडा होता आणि चढ नव्हता,” ते म्हणाले. “आज आकडा नाही. आता चढ पण सोडला तर माझ्याकडे राहिलं काय?”

आणि लाडू तोंडात कोंबून उताराला लागले.

त्यानंतरच्या खेपा मी बघितल्या. आधी ते वळणावळणावर मान खाली घालून यंत्र बघत यायचे. आता बघायला काही नव्हतं म्हणून समोर बघत येत होते. सावकाश, तोंड उघडं, चाकातून पाणी उडतंय. पाचवी झाली, सहावी झाली. सातव्या खेपेला सायकलला धरून उभे राहिले आणि विलासने टाळ्या वाजवल्या. जाईने गाडीची डिकी उघडली. झाली कळसूबाई.

पण हा परीक्षित. हिशोबाने सात खेपा पुरतात, पण हिशोब चुकला असेल तर? तिसऱ्या खेपेला खालचं वळण जरा अलीकडूनच घेतलं होतं, त्याचे पाच-दहा मीटर कमी पडले असतील तर? विचारायचं कुणाला, यंत्राचं नाक तर बंद. विलास म्हणाला, बाबा रे, पुरतात, मी सांगतो. माझ्या मनात आलं, आता हा टिचक्या मारायला लागणार, आणि इथेच संध्याकाळ होणार.

त्यांनी टिचकी मारली नाही. सायकल वळवली. जाई हाक मारत राहिली आणि हे आणखी एका खेपेला खाली गेले. खालून परत वर यायला त्यांना किती वेळ लागला ते मी सांगत नाही. एवढंच सांगते की थर्मासमधला चहा संपला, आणि मी छत्री जाईकडे देऊन कठड्यापाशी जाऊन उभी राहिले. वर आले तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. मी लाडू त्यांच्या हातात न देता भरवला. जाईने त्याचा फोटो काढलाय. तो मी तिला पुसून टाकायला सांगितला आहे.

घरी आल्यावर त्यांना शेकोटीपाशी खुर्चीत बसवलं, पाय गरम पाण्याच्या टबात, पाण्यात मूठभर मीठ. विलासने लॅपटॉप उघडला, नोंद काढली आणि ते बटण दाबलं. क्षणभर काहीच नाही. मग आकडा आला. एकोणीसशे आणि वर काहीतरी. विलासने एकदा बघितलं, बोट पुढे नेलं, ठेवायला जागा शोधली आणि बोट मागे घेतलं. नंतर त्याने टबातल्या पायांनाच हात लावून नमस्कार केला. जावयांनी पाय ओढून घेतले आणि पाणी माझ्या गालिच्यावर सांडलं.

मी स्वयंपाकघरात जाऊन दुधाचं पातेलं चढवलं. खिडकीत विलासचं जुनं यंत्र आपलं ओळीत बसलेलं होतं, घर बरंच वर दाखवत. पाऊस उद्याही राहणार होता. आटायला वेळ लागतो, म्हणून गॅस बारीक करून मी बाहेर आले. जावई पांढरं यंत्र हातात घेऊन, कापसाच्या बोळ्याने त्याचं नाक हलक्या हाताने पुसत बसले होते. मला बघून म्हणाले, आई, हे रिटर्न करून दुसरं बघू का? आता एक नवीन आलंय, त्याचं भोक पुढच्या बाजूला आहे.

जाईने कपाळाला हात लावला. विलासने लॅपटॉप मिटला. आणि मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

“जावईबापू, नीट ऐका, दुसऱ्यांदा सांगणार नाही. मागल्या वर्षी यंत्राने तुम्हाला डोंगरावर नेलं, यंदा तुम्ही यंत्राला नेलंत. उद्या छायाकडे पेढे मी घेऊन जाणार, आणि कुणाला ओळखायलाही देणार नाही. यंत्र हेच राहील, दुसरं बघितलंत तर मी बेसमेंटचं दार आतून लावून घेईन. आणि ती जास्तीची खेप आहे ना, ती माझ्या निम्म्या कळसूबाईत जमा करायची. माझ्या अजून दोन-तीन खेपा राहतात. त्या पुढच्या वर्षी मारा, लाडू मी करते.”